मध्य बाथरूमवर पडला, त्याला मी काय करू?

आदरणीय दादा (म्हणजे हिचे दादा, माझा सख्खा दादा असता तर त्याने निदान एकदा तरी माझी बाजू घेतली असती),

नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही तिघंही ठणठणीत आहोत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. एकाच गावात राहून हा माणूस पत्र लिहितो आणि तुमच्या दुकानाच्या शटरखालून सरकवतो, याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. पत्राच्या मध्ये ‘तसं नाही हो’ म्हणायची सोय नाही, हा पत्राचा मोठाच फायदा आहे.

विषय अर्थातच राउटरचा. तुमच्या बहिणीने तिची बाजू तुम्हाला कळवली असेलच (गॅलरीत, ओल्या चादरींच्या मध्ये उभं राहून, घरात दुसरीकडे कुठे फोनला रेंज येत नाही). आता माझी ऐका. इंटरनेटची जोडणी करायला जो माणूस आला होता, तो जाताना दारातून म्हणाला, ‘साहेब, घराच्या मधोमध लावा, जरा उंचावर.’ एवढं म्हणून तो गेला. आता दुसऱ्या कुणासाठी ‘मधोमध’ हा नुसता बोलण्याचा भाग असेल. मी पंचवीस वर्षं जमिनी मोजतोय. दोन सख्खे भाऊ हातात कुदळी घेऊन समोरासमोर उभे असताना त्यांच्यामधून टेप ओढत नेली आहे मी. मला कुणी मधोमध म्हणालं की मी मध्य काढतो. अंदाज करत नाही.

एक अख्खा रविवार घातला. खोल्या मोजल्या, कोनाडे मोजले, भिंतींची जाडीसुद्धा सोडली नाही (टेपचं दुसरं टोक हिच्या हातात होतं, दूध उतू जाईपर्यंत). मग घराचा नकाशा पुठ्ठ्यावर काढून कापला आणि तो पुठ्ठा पेन्सिलीच्या टोकावर तोलला. जिथे तो डुगडुगायचा थांबला, तो मध्य. यात मतभेदाला जागाच नाही. तो मध्य नेमका बाथरूमच्या दारावर पडला, त्याला मी काय करू? घर मी बांधलेलं नाही. मी दाराच्या वर भिंतीला फळी ठोकली, राउटर चढवला आणि खाली उतरून हात झटकले.

त्यानंतर तुम्ही आलात. हात पाठीमागे बांधून एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटावर ठेवा. मोजमाप नाही, कागद नाही, चष्मासुद्धा खिशातच. वर म्हणालात की फळीच्या मागे गरम पाण्याची टाकी आहे, पाणी रेंज खातं. मग माणसं समुद्रापलीकडच्या लोकांशी कशी बोलतात, असं मी विचारलं, तर तुम्ही नुसते हसलात. तीस वर्षं लोकांच्या घरांत वायरी ओढलेल्या माणसाने हसून उत्तर द्यावं, हे मला पटलेलं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की राउटर हलणार नाही. आमच्या धंद्यात एकदा खूण गाडली की गाडली. ती कुणाच्या हसण्याने सरकायला लागली, तर गावात एक बांध जागेवर राहायचा नाही.

आता लेकीच्या मुलाखतीचं. ते तुम्हाला तिखटमीठ लावून कळलं असेल, म्हणून जसं झालं तसं सांगतो. ती तिच्या खोलीत, टाकीच्या पलीकडे, लॅपटॉप उघडून बसली होती. कंपनीच्या बाईंनी विचारलं की तुमचा सर्वांत मोठा आधार कोण, आणि सर्वांत मोठी अडचण कोणती? पोरगी म्हणाली, ‘बाबा.’ आणि तिथेच चित्र गोठलं. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, अशी ती म्हणे चार मिनिटं त्यांच्या पडद्यावर होती. हे उत्तर पहिल्या प्रश्नाचं होतं, असं तिने त्या दिवशी मला सांगितलं. आता सांगते, दुसऱ्या.

त्या बाई भल्या, त्यांनी येत्या गुरुवारी अकरा वाजता पुन्हा बोलावलंय. मात्र ही शेवटची वेळ, असंही कळवलंय. दोन वर्षं पोरगी या नोकरीच्या मागे आहे, हे मला माहीत नाही असं समजू नका. मी तिला गॅलरी सुचवली, तर समोरच्या इमारतीत फोडाफोडी चालू आहे. तेव्हा तिने जाहीर केलंय की गुरुवारी ती इस्त्रीचा शर्ट घालून बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसेल, मागच्या फरशा झाकायला चादर टांगेल, आणि इथे का बसलात असं कुणी विचारलं तर खरं सांगेल. हिने तर पुठ्ठा हातात घेऊन, गॅलरीवर बोट ठेवून मला विचारलं, ‘इथे इंटरनेट कुणाला लागतं? कुंड्यांना?’ मी म्हटलं, गॅलरी घराचाच भाग आहे, खरेदीखतात आहे. मी कुणाच्या बापाला भिणारा नाही (तुमच्या वडिलांविषयी आदर आहेच). राउटर आहे तिथे राहील. हे माझं शेवटचं म्हणणं समजावं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा, उगाच शिड्या चढू नका.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. बुधवारी मी एका हद्दीच्या तंट्यावर मोजणीला जाणार आहे, पाचच्या आत परतत नाही. तुम्ही ड्रिल घेऊन सहज आलात, तर मी घरात नसेन. शिडी मी पॅसेजमध्ये काढून ठेवतो, माळ्यावरची जळमटं काढायची आहेत म्हणून. संध्याकाळी आल्यावर मी चिडेन. बऱ्यापैकी चिडेन. मनाला लावून घेऊ नका, घरात ते ऐकू जायला हवं. तुम्ही आपलं ‘तसं नाही हो’ म्हणत राहा.

आणखी एक. घरात कुणी नसताना मी पुठ्ठ्याची गॅलरी कात्रीने कापली आणि उरलेलं घर पुन्हा तोललं. मध्य पुस्तकांच्या कपाटावर आला. याचा अर्थ तुमचं बरोबर होतं असा होत नाही. तुम्ही मोजलं नव्हतं.

कपाटाच्या वर भिंतीवर पेन्सिलीने फुली केली आहे. भोक तिथेच पाडा, नजरेने ठरवू नका. पाकिटात एक लांबट तुकडा सापडेल, ती गॅलरी. जाळून टाका.