उजव्या डोळ्याचा वाटा

पाटण (नेपाळ), मधला मजला
कार्तिक १२

तीर्थरूप ज्ञानरत्न काकांच्या पायांशी रश्मिलाचा नमस्कार. वि. वि.

दशैंच्या सणापासून आपण माझ्याशी बोलत नाही. बोलणं तुटलं की लिहून विचारायचं आणि कागद वरच्या स्वयंपाकघरात देवाच्या दिव्याखाली ठेवायचा, ही या घराची आजोबांपासूनची रीत, म्हणून हा कागद. घरच्या मूर्तींच्या दुकानात बसणार नाही असं मी म्हटलं, त्याची माफी मागायला हे लिहीत नाही. आधीच स्पष्ट केलेलं बरं.

विषय राउटरचा आहे. संध्याकाळी मी दोहातल्या नेपाळी मुलांना पडद्यावरून वाचायला शिकवते. नेमका त्याच वेळी वर आपला अविनेश ऑनलाइन खेळ मांडतो आणि काकी मालिका लावतात. माझं चित्र गोठतं. परवा तोंड उघडं ठेवून मी तशीच अडकले आणि पोरं पोट धरून हसली. पुन्हा असं झालं तर वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ, असं शाळेने कळवलं आहे. वर्ग गेला की मला दुकानाशिवाय काही उरत नाही. हे आपल्यालाही ठाऊक आहे, आणि भीती मला त्याचीच वाटते.

न्यूरोडच्या बाजारातली दुकानं हिंडून आले. खोक्यावर वेग वाटून देण्याची सोय लिहिलेली असते, पण स्वस्तातल्या बहुतेक राउटरांत फक्त कोण पुढे नि कोण मागे, एवढंच ठरवता येतं. मला हवा तो असा, की प्रत्येकाला थोडा वेग हक्काचा राहील आणि एकाचा पडून असेल तेव्हा तो गरज असेल त्याला मिळेल. असा एक सापडला. दोन अँटेनांचा, दिसायला गरीब, तीन हजारांच्या आत. मी दुकानदाराला आतलं पान उघडून दाखवायला लावलं. तो म्हणाला, ताई, लोक नवरासुद्धा इतका तपासून घेत नाहीत. अर्धे पैसे मी देईन.

लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा असू द्यावा.

आपली पुतणी
रश्मिला


वरचा मजला
कार्तिक १५

चि. रश्मिला हिस काकाचा आशीर्वाद. तो रागावलो म्हणून थांबत नाही.

अर्धे पैसे देणारा उद्या अर्धं घर मागतो. तुझे पैसे तुझ्याकडे ठेव. राउटर मी आणला आहे, चांगला सहा शिंगांचा. गरीब दिसणारी वस्तू या घरात आली नाही आणि येणार नाही.

वाटणीही करून घेतली. अविनेश बसला, मी सांगत गेलो. जेवणावळीत बोकडाचं डोकं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत वाटतो त्याच क्रमाने. उजवा कान वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, डावा तुझ्या काकीला, नाक अविनेशला, जीभ दुकानाच्या संगणकाला आणि जबडा तुला. डोळे सगळ्यांत थोरल्यांचे, आधी उजवा, मग डावा; त्यांची चौकशी लहानांनी करू नये. दुकान तुझ्या आधी का, असं विचारशील. ज्या दुकानाने तुला शिकवलं, ते तुझ्या आधीच येणार.

जबड्याला मांस कमी असतं हे खरं. पण तुझा जबडा तसाही पुष्कळ चालतो.

लोभ आहेच. तोही क्रमानेच मिळेल.

ज्ञानरत्न


मधला मजला
कार्तिक २२

काकांस नमस्कार. वि. वि.

काल वर्ग पुन्हा बुडाला. आता शुक्रवारी एक शेवटचा वर्ग पाहू आणि मग ठरवू, असं शाळेने लिहिलं आहे. काकी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, दुकानात पुतळ्यासारखी बसलीस तर कुणी हसणार नाही, तिथे सगळे पुतळेच आहेत.

मी अविनेशकडून राउटर समजून घेतला. आपण महाग वस्तू आणलीत, योग्य नाही. हा बांधून दिलेला वाटा बांधूनच ठेवतो. आईकडे बटणांचा फोन आहे, तिचा कान दिवसभर रिकामा. दुकान संध्याकाळी बंद होतं, तरी त्याची जीभ कुणाला मिळत नाही. बोकडाचं डोकंसुद्धा इतक्या निर्दयपणे कुणी वाटत नाही. ज्याला नको तो शेजारच्या पानात सरकवतो.

आणि डोळ्यांची चौकशी मी करणार. माणूस गेला की मागचे सगळे एकेक जागा वर सरकतात, हा नियम आपणच मला मांडीवर बसवून शिकवलात. बाबा गेले, थोरले आपण झालात. सकाळी सोन्याचा भाव बघायला आपल्याला दोन्ही डोळे लागतात का? भावाच्या मुलीचं काम बुडत असताना आपण ते एकटे खाता. लिहिलं आहे ते खोडणार नाही.

लोभ मागत नाही. शुक्रवारपुरता वेग मागते.

रश्मिला


वरचा मजला
कार्तिक २३

रश्मिला,

उजवा डोळा माझ्याकडे नाही.

तुझा बाप, माझा हीरादाजू, गेल्यानंतरच्या जेवणावळीत वाढायला तूच होतीस. त्याच्या जागेवर पान मांडलं होतं आणि उजवा डोळा त्या पानावर होता. मी डावा घेतला. तू खाली मान घालून वाढत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. नियम तोंडपाठ असणाऱ्यांचं असंच होतं.

राउटरवरही पहिला वाटा त्याच्याच फोनच्या नावे लावायला सांगितला. अविनेश म्हणाला, बा, तो फोन तर खाली थोरल्या काकूंच्या कपाटात बंद पडलाय. मी त्याला असा ओरडलो की तो जेवायला आला नाही. वर सरकायचा नियम मला शिकवू नकोस. मला सरकायचं नाही.

तो फोन चार्ज कर आणि वर्ग त्यावर घे. हे मी देतो आहे असं समजू नकोस. वाटा त्याचा आहे आणि त्याने तो तुला दिलाच असता. तुला लाडावून ठेवलं ते त्यानेच. माझं म्हणणं अजून तेच आहे. तुझी जागा दुकानात.

ज्ञानरत्न


मधला मजला
कार्तिक २६

काकांच्या पायांशी नमस्कार. वि. वि.

वर्ग झाला. चित्र एकदाही अडलं नाही. वर्ग माझ्याकडेच राहिला, असं आज शाळेने कळवलं.

फोन आईने पदराने पुसून दिला. पडद्यावर माझ्या नावाच्या जागी बाबांचं नाव येत होतं, आणि ते बदलायचं माझ्या लक्षात आलं नाही. एका मुलीने विचारलं, हीरारत्न सर कधी येणार. मी म्हटलं, ते येणार नाहीत, त्यांच्या जागी मी आहे. हे मी आजवर कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. पुढचं वाक्य वाचायला थोडा वेळ लागला. मुलांना वाटलं, पुन्हा चित्र गोठलं.

दोन्ही डोळे आपण खाता, असं मी लिहिलं. ते खोटं होतं, मागे घेते. बाकीचं मागे घेत नाही. राउटर चुकीचाच आहे. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, मी विचारून आले. आणि दुकानात मी बसणार नाही.

मृतांच्या वाट्यावर मला कायमचं जगायचं नाही. आपणही जगू नये. पौषातल्या जेवणावळीत वाढायला मीच असेन. बाबांचं पान मांडणार नाही. उजवा डोळा आपल्या पानात वाढेन आणि आपण तो खाईपर्यंत समोरून हलणार नाही, मग कितीही रागावा. त्यानंतर मी तो फोन बंद करून आईच्या हाती देईन. आधी आपण, मग मी. क्रम आपल्यालाच प्रिय आहे.

आपण सरकल्याशिवाय मागचं कुणीच सरकत नाही, काका. मला जबड्यावरून जिभेवर यायचं आहे.

राग असू द्या, त्याच्या शेजारी लोभालाही जागा असू द्यावी.

रश्मिला