घेवड्याला रागावण्याचा प्रयोग

ती. ताईस,

मधलीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? उत्तर अर्ध्या पानात बसव, मागच्या पत्रात पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत गुडघाच होता. भावोजींचा खोकला? (रीत म्हणून विचारते. ते सिगरेट सोडणार नाहीत आणि तू त्यांना एका शब्दाने बोलणार नाहीस.) मी बरी आहे. घरातले बाकीचेही बरे आहेत, त्यात त्यांचं स्वतःचं कर्तृत्व काही नाही.

तर आपल्या धाकट्याच्या चिमणीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. चौथीच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन म्हणजे आईबापांनी कापायचं, चिकटवायचं, रंगवायचं आणि मुलांनी शेजारी इस्त्रीच्या कपड्यांत उभं राहायचं. पण आपली चिमणी आणि तिची मैत्रीण चष्मिस या दोघींना आपलं आपण काहीतरी करायचं होतं (अजून लहान आहेत, सुधारतील). रोपाशी गोड बोललं तर ते जास्त वाढतं की रागावलं तर, हे त्यांना बघायचं होतं. दोन कुंड्यांत घेवडा लावला. एका रोपाला रोज पाणी घालून कौतुक करायचं, दुसऱ्याला पाणी घालून झापायचं. कौतुकाचं काम धाकट्याकडे गेलं, कारण कौतुक सोफ्यावरून करता येतं. झापण्यासाठी दोघी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "आत्या, तुझ्यासारखं रागावता कोणालाच येत नाही," चिमणी म्हणाली, आणि एखाद्या गवयाला गाण्याची विनंती करावी इतक्या अदबीने म्हणाली. ताई, इतकी वर्षं हॉस्पिटलात मेट्रन म्हणून घसा फोडला, पण असा मान कोणी दिला नव्हता.

मी मग मन लावून रागावले. निवृत्तीनंतर हक्काचं कोणी उरलं नव्हतं. रोज सकाळी चहाच्या आधी बाल्कनीत जाऊन त्या घेवड्याचा उद्धार करायचा, त्याच्या आळसाचा, वाकड्या मानेचा, पानांच्या अवताराचा. आणि काय सांगू, पठ्ठ्या असा फोफावला की गजाला वेढे घालून वर चढला. धाकट्याचं लाडकं मात्र पार मलूल, पानं पिवळी. झालं, धाकट्याला विज्ञान कळलं! लगेच बाहेरून एक भलामोठा फलक छापून आणला: 'कठोर शब्दांचा रोपाच्या वाढीवर अनुकूल परिणाम'. (शाळेत असताना याच्या विज्ञानाच्या पेपरवर सही घ्यायला हा बाबांकडे न जाता तुझ्याकडे यायचा, आठवतं ना?)

आणि प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी चिमणीने त्या पिवळ्या रोपाच्या मातीत बोट घातलं. माती ठणठणीत कोरडी. तिने बापाला विचारलं, तर हे महाशय म्हणतात, "बोलण्याच्या नादात पाणी राहून जायचं गं." मग दोघींनी मोर्चा माझ्याकडे वळवला. मी खरं ते सांगितलं. तोंड चालू असताना हात रिकामे ठेवायची मला सवय नाही. रागावता रागावता मी पाणी घालत होते, कुंडी उन्हाकडे फिरवत होते, पानं पुसत होते. वाकडी मान सरळ राहावी म्हणून बँडेजची पट्टीही बांधली होती. चष्मिस म्हणाली, "सलाईन तेवढं राहिलं."

"म्हणजे आपला प्रयोग चुकला," चिमणी म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला. धाकटा म्हणाला, "कोणाला कळणार आहे? फलक छापून झालाय." पोरगी आत गेली आणि जेवली नाही. मग मी धाकट्याला जे काही बोलले, ते घेवड्याला बोलले त्याच्या दसपट होतं. पण याचं वाढायचं वय गेलं.

दुसऱ्या दिवशी फलकासकट गेलो. आमच्या शेजारच्या टेबलावर एक अख्खं धरण होतं, सुताराकडून करून घेतलेलं, दिवे लागणारं, पाणी सोडणारं. ज्या मुलाचं ते होतं त्याला हात लावायची परवानगी नव्हती. परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते, त्यांनी धरणासमोर मान डोलावली, मग आमचा फलक वाचला आणि विचारलं, "रागावत कोण होतं?" दोघींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "जरा करून दाखवता?"

आता सांगितल्यावर मी सोडते का! "सरळ उभा राहा," मी घेवड्याला म्हटलं, "कोणाच्या जिवावर एवढा पसरलायस? आयतं खायचं, आयतं प्यायचं आणि वर तोरा केवढा!" मुख्याध्यापकांनी शर्ट खोचला. धरणवाल्या मुलाचे वडील उगाचच खुर्चीतून उठून उभे राहिले. मग टाळ्या. धाकटा असा फुलला, जणू तोच रागावला होता.

"वा! म्हणजे रागावल्याने रोप वाढतं," असं म्हणत प्राध्यापक गुण लिहायला लागले, तेवढ्यात चिमणी म्हणाली, "नाही सर." मग तिने सगळं सांगितलं. बाबांचं पाणी, आत्याची पट्टी, कोरडी माती, सगळं. धाकटा छतावरचा पंखा बघत होता. "मग निष्कर्ष काय?" प्राध्यापकांनी विचारलं. चिमणीला हुंदका आला म्हणून चष्मिस पुढे झाली. "निष्कर्ष असा," ती म्हणाली, "की पाणी घालावं."

पहिलं बक्षीस धरणाला. आम्हाला उत्तेजनार्थही नाही, कारण निष्कर्ष फलकाशी जुळत नव्हता म्हणे! संपूर्ण हॉलमध्ये खरं विज्ञान एकाच टेबलावर झालं आणि ते त्या गृहस्थांना दिसलं नाही. चष्मे लावतात कशाला ही माणसं? मुलींना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. घरी येताना दोघी रस्ताभर भांडत होत्या, पुढच्या वेळी पाणी कपाने मोजायचं की बाटलीने.

भावोजींना नमस्कार आणि खोकल्याला माझा निषेध कळव.

तुझी,
मधली

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. सुट्टीत दोघी प्रयोग पुन्हा करणार आहेत, आणि या वेळी कौतुक माझ्याकडे दिलंय. धाकट्यावर भरवसा नाही म्हणतात. ताई, मला येत नाही गं. कालपासून आरशासमोर सराव करतेय, सगळ्याचा सूर 'इंजेक्शन घ्यायला वळा' असाच लागतो. तू इतकी वर्षं सासूबाईंबरोबर सुखाने काढलीस, तुझ्याकडे साठा असेल. दहाबारा गोड वाक्यं उलट टपाली पाठव. त्यातलं एखादं माझ्या नावाने लिहिलंस तरी चालेल, बऱ्याच दिवसांत कोणी काही म्हटलं नाही.

ता. क. २. वरचं शेवटचं वाक्य खोडायचं राहिलं. वाचू नकोस.