ढवळ्या ससा आणि बाकीची मिळकत

मी, जया उकंडा नगराळे, वय सदुसष्ट, राहणार राजूर कॉलरी, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. परवा नागपूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते असं सगळ्यांनाच म्हणत असणार. म्हणून माझ्यामागे कोणाला काय मिळावं ते लिहून ठेवते. यातले काही शब्द वकील प्रेरणाताईंनी सांगितलेले आहेत, बाकी माझे. मी शाळेत गेले नाही. मुलगा पहिलीत होता तेव्हा त्याच्या पुस्तकावर त्याच्यासोबत वाचायला शिकले. त्यामुळे अक्षर पहिलीतल्यासारखं आहे, ते समजून घ्यावं.

१. घर. हे घर माझे पती उकंडा यांनी खाणीतल्या नोकरीवर बांधलं आणि ते गेल्यावर माझ्या नावावर झालं. ते मुलगा अश्वजित आणि मुलगी दीपा यांना सारखं मिळावं. मुलगी सासरी गेली म्हणून तिचा वाटा कमी, असं आमच्या घरात कधी झालं नाही, आताही होऊ नये.
अश्वजितने समोरच्या खोलीत चकचकीत फरशी बसवून दिली. आईला सारवावं लागू नये म्हणून त्याने हौसेने केलं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या फरशीवर सशाचे मागचे पाय दोन दिशांना सरकतात. म्हणून मागची खोली मी मातीचीच ठेवली आणि अजून सारवते. "आई, सशासाठी कोणी घराची फरशी अडवते का?" असं तो फोनवर म्हणाला होता. अडवते. मी अडवली.

२. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचं देणं फेडावं. उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं. भांडण होण्याइतकं ते नाही.

३. पाने, पक्कड, हातोडे आणि लोखंडी पेटी अश्वजितला. त्याच्या वडिलांचं पिवळं हेल्मेटही त्यालाच, पण ते लहान पोरांना खेळायला देऊ नये. शिलाई मशीन दीपाला. पुस्तकं विहारातल्या कपाटात द्यावीत. ज्या पुस्तकांत मी पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत ती कोणी खोडरबराने पुसू नयेत. कुठे अडले होते ते त्या रेघांवरून कळतं.

४. समोरच्या घरातल्या रूपसिंगने शिडी नेली होती, ती परत आणलीच नाही. मी दिसले की तो दुसऱ्या गल्लीने जातो. ती शिडी त्याला दिली. आता त्याने सरळ रस्त्याने जावं.

५. माझ्यामागे ढवळ्या नावाचा ससा दीपाने तिच्या सासरी नेरला न्यावा व सांभाळावा.
(हे कलम रद्द. बाजूला सही केली आहे.)
प्रेरणाताई म्हणाल्या की कागद फाडून पुन्हा लिहा. मी फाडत नाही. का बदललं ते पोरांना कळायला पाहिजे. दीपाला फोन करून मी हे कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, माह्या सासूले दमा आहे. घरात केस उडाले का तिले रात्रभर बसून राहावं लागते. तुले बरं वाटावं म्हणून हो म्हणू का खरं सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. ती रडली. दीपा, तू खरं सांगितलंस हे मला हो म्हणण्यापेक्षा जास्त आवडलं. हे इथे लिहून ठेवते म्हणजे तुझ्या मनाला पुढे टोचणार नाही.
अश्वजित पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. त्याला मी विचारलं नाही.

६. ढवळ्या कोण, हे वाचणाऱ्याला माहीत नसेल. उकंडा यांनी तो वणीच्या बाजारातून पिशवीत घालून आणला. त्यांचं लहानपण बैलांत गेलं, म्हणून मुठीएवढ्या पिल्लाला बैलाचं नाव ठेवलं. पांढरा म्हणून ढवळ्या. इथल्या कोळशाच्या धुळीने तो पांढरा फार दिवस राहिला नाही. उकंडा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा तो त्यांच्या पायांशी झोपायचा. ते गेल्यावर लोक भेटून गेले, पोरं आपापल्या घरी गेली, आणि संध्याकाळी त्याला गवत घालायचं म्हणून मला उठावं लागलं. त्या दिवसांत मी दुसऱ्या कशासाठी उठले असते असं वाटत नाही.
आता तो म्हातारा झाला आहे. मागच्या पायांना आणि कमरेला संधिवात आहे. त्याचं असं करावं:
जमीन खरखरीत हवी, त्यावर जुनी गोधडी दुहेरी करून टाकावी. लघवीच्या ट्रेची एक बाजू मी कापून खाली केली आहे, कारण त्याला आता चढवत नाही. गवत दिवसभर समोर असावं, पाणी पसरट वाटीत. डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध बिनसुईच्या पिचकारीने तोंडाच्या बाजूने हळूहळू द्यावं, किती ते बाटलीवर लिहिलं आहे. माणसांची दुखण्याची गोळी कधीही देऊ नये. त्याला स्वतःची मागची बाजू चाटून साफ करता येत नाही. ती रोज बघावी, कोमट फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. त्यात लाज वाटून घेऊ नये, शेवटी उकंडांचंही मी सगळं केलं. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. कान धरून कधीच नाही. उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं बांधावं. सकाळपासून दुपारपर्यंत त्याने काही खाल्लं नाही तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी वणीला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो.
तो दुखतं म्हणून ओरडत नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसला, डोळे अर्धे मिटले आणि दात करकरू लागला, तर ते ओरडणंच समजावं.

७. आता शामबद्दल. शाम तुळशीराम नगराळे हे माझे धाकटे दीर. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. झालं असं की दीपाच्या बाळंतपणाला मी नेरला गेले आणि ढवळ्याला त्यांच्याकडे ठेवलं. थंडीत तो सकाळी उठेना. शामने बैलांचं केलेलं होतं. बैलाचा सांधा धरला की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात, तसं त्यांनी सशाला लावलं. मी आले तेव्हा मागच्या पायाचं कातडं फोडांनी भरलं होतं. शाम एवढंच म्हणाले, "बैलाले गुण येते, वैनी." मी म्हटलं, "हा बैल हाय का? माह्या घरात पुन्हा पाय ठेवू नका." पाय बरा झाला, पण तिथे केस पुन्हा आले नाहीत.
पुढे शेजारच्या विमलताईंकडून कळलं की त्यांनी तो बिब्बा आधी स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहिला होता, मग सशाला. आणि तेव्हापासून रोज सकाळी माझ्या कुंपणाच्या भिंतीवर हराळीची जुडी असते, धुतलेली. बांधावरच्या गवतावर कपाशीची फवारणी उडते म्हणून ते नाल्यापर्यंत जाऊन आणतात. हे मला माहीत होतं. मी जुडी घेत होते आणि बोलत नव्हते.
आज प्रेरणाताई म्हणाल्या की घरातलं एखादं मोठं माणूस साक्षीला असेल तर पुढे पोरांत वाद होत नाही. मी विमलताईंना पाठवून शामला बोलावलं. ते आले आणि दारातच थांबले.
"कागद इकडे द्या. वैनीनं पाय ठेवू नको म्हटलं होतं, सही बाहेरूनच करतो."
विमलताई म्हणाल्या, "मसणात गेल्या दोघांच्या गोवऱ्या, तरी रुसवा नवा कोरा!"
तेवढ्यात ढवळ्या मागच्या खोलीतून निघाला. समोरच्या फरशीवर तो कधी येत नाही. आज आला, सरकत, थांबत, एक पाय ओढत. उंबऱ्याशी शामचा पाय होता, त्यावर त्याने हनुवटी घासली. ससा जे आपलं समजतो त्यावर हनुवटी घासतो. कदाचित पायाला गवताचा वास असेल, मी जास्त अर्थ काढत नाही. पण शामने पाय हलवला नाही. त्यांचे गुडघे धरलेले आहेत, एका जागी उभं राहणं त्यांना जड जातं, तरी ससा हलेपर्यंत ते तसेच राहिले.
मी म्हटलं, "भाऊजी, आत या. तुमची सही नको."
त्यांचा चेहरा उतरला. "साक्षीलेही चालत नाही का मी?"
प्रेरणाताई हसल्या. "काका, ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार राहू नये."
"मले काय मिळून राह्यलं?"
मी सशाकडे बोट दाखवलं. ते खाली बसले ते बसलेच. सशाच्या बिनकेसांच्या पायाकडे बघून म्हणाले, "माह्या हातानं जळला तो, वैनी."
"म्हणूनच. तो हात आता विचारून पडीन."
"डॉक्टरले विचारून," ते म्हणाले.
तरी ढवळ्या ससा, त्याची गोधडी, ट्रे, वाटी व औषध हे सर्व मी शाम तुळशीराम नगराळे यांना देत आहे. त्यांची खोली मातीची आहे, तिथे फरशी बसवायची कोणी घाई करू नये. ढवळ्या गेला की माझ्या परसात उकंडांनी लावलेल्या लिंबाखाली पुरावा. घर विकलं गेलं असेल तर शाम ठरवतील तिथे.
मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं असं प्रेरणाताई सांगतात. हे सातवं कलम मात्र उद्या सकाळी माझी गाडी सुटली की लागू करावं. मी परत आले तर भिंतीवर जुडी ठेवायची पाळी माझी.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

जया उकंडा नगराळे

साक्षीदार:
१. विमल वामनराव ढोके, शेजारी (सही)
२. अमरसिंग राठोड, उकंडांसोबत खाणीत होते (सही)

स्थळ: राजूर कॉलरी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

शाम तुळशीराम नगराळे हजर होते. त्यांची सही घेतलेली नाही. त्यांचे दोन्ही हात सशाखाली होते, एक छातीखाली, एक ढुंगणाखाली.