गाडी होती, तू नव्हतीस

प्रिय ताई,

तुझ्या नावाने अजून टपाल येतं. पोस्टाला सांगून ते माझ्या ईडन प्रेरीच्या पत्त्यावर वळवून घेतलंय. दातांचा दवाखाना लिहितो, "तुम्हाला येऊन सहा महिने झाले." बियाणांचा कॅटलॉग येतो. तू गेल्यावर तुला एक ओळसुद्धा न लिहिलेला माणूस बहुधा मीच उरलो होतो. काल तुझ्या नावाचं आणखी एक पत्र आलं आणि ते तुला वाचून दाखवल्यावाचून मला चैन पडेना. म्हणून हा खटाटोप. तू आलेली पत्रं कशी वाचायचीस, हे आता मला चांगलंच कळलंय म्हणा!

पहिल्यापासून सांगतो. तुझ्या शोकसभेत मी उभा राहिलो आणि वाईच्या पाठशाळेतले आपले अण्णा म्हणायचे तसं म्हणालो, "ताईकडे कुणाचं काही येणं राहिलं असेल तर संकोच न करता सांगा. मी तिचा भाऊ आहे, मी देईन." आपल्यात असं म्हणायचं असतं आणि त्यावर कुणी पुढे यायचं नसतं. इथे तर उलटंच झालं. लोक तुझ्याच वस्तू परत घेऊन आले. नऊ स्टीलचे डबे, एक कुकर आणि एक इडलीपात्र! ॲन आर्बरमधल्या निम्म्या मराठी स्वयंपाकघरांत तुझी भांडी नांदत होती, आणि मला मात्र दर दिवाळीला चिवडा प्लॅस्टिकच्या पिशवीतून यायचा.

चौथ्या दिवशी फोन आला. वसुली कंपनीतली कुणी केली नावाची बाई होती.

"आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस," ती म्हणाली आणि त्याच श्वासात, "आज कार्डाने भरणार की बँकेतून?"

"कसले?"

"पार्किंगचे. खाजगी जागेत सात दिवस गाडी लावलेली. तीन वर्षांपूर्वी."

प्रत्येक दिवसाचा दंड, त्यावर उशीर झाल्याचा दंड आणि त्यावर वसुलीचा खर्च. एवढ्या पैशांत तुझी ती टोयोटा अर्धी तरी विकत आली असती, आरशाला टेप लावलेली बाजू. मला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. चारचौघांत शब्द देऊन चार दिवस होत नाहीत तोच धनको हजर! अण्णांनी आपल्याला देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं शिकवली होती. हे चौथं त्यांच्या काळी नसावं.

खरं सांगतो, मी पाकीट काढलं होतं. विजया देशपांडे कुणाचं देणं ठेवून गेली, असं कुणी म्हणू नये म्हणून. कागदोपत्री नीट असावं म्हणून फक्त तारखा विचारल्या. फेब्रुवारीतले सलग सात दिवस. अकरा ते चार. हॉस्पिटलच्या समोरच्या कॉफीच्या दुकानामागचं आवार.

अकरा वाजता? कॉफीच्या दुकानात? घरून चहाचा थर्मास नेणारी आणि पंचवीस वर्षांत लॅबमधून कधी लवकर न निघालेली तू?

"तिची गाडी दुसरं कुणी चालवत असेल," मी म्हणालो.

"मग त्यांचं नाव-पत्ता द्या," केली उत्साहाने म्हणाली. "तुमच्या बहिणीचं खातं मी लगेच बंद करते."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि तुझं घर आवरायला घेतलं.

ताई, इथल्या सगळ्या देशी घरांत ओव्हन म्हणजे कढयांचं कपाट, हे मला ठाऊक आहे. पण त्यात पत्रव्यवहार ठेवणारी तू पहिलीच! मोठ्या कढईखाली रबरबँड लावलेला गठ्ठा सापडला. पार्किंगवाल्यांची अकरा पाकिटं. पहिलं फोडलेलं, बाकीची दहा जशीच्या तशी. पहिल्या पाकिटावर तुझं अक्षर: "सुमनला कळू द्यायचं नाही." आणि त्याच्याच मागे हॉस्पिटलमधून घरी सोडल्याचा कागद. तारखा त्याच. हृदयाची झडप बदलली.

मी ओव्हनसमोर फरशीवर बसलो.

त्या आठवड्यात तू मला फोनवर काय सांगितलं होतंस? "डोळ्याचं बारीकसं ऑपरेशन आहे रे, थोडे दिवस फोन करू नकोस, स्क्रीन बघायची नाहीये." डोळ्याचं! मोतीबिंदू हृदयात होतो का गं? मी विचारलं होतं, "येऊ का?" तू म्हणालीस, "कशाला? तुझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ना?" आणि मला किती बरं वाटलं होतं, ते आज लिहायला लाज वाटते. जो "येऊ का" म्हणून विचारतो, त्याला यायचं नसतं. येणारा येतो.

मग कोण आलं होतं?

पाकिटावर नाव होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तुझ्या मैत्रिणीकडे, सुमनकाकूंकडे गेलो. त्यांचा मुलगा निखिल घरीच होता. त्याने चहा केला, कौतुकाने म्हणाला, "आई आता फार ड्राइव्ह नाही करत, मामा. मागच्या महिन्यात मेलबॉक्सला घासली. मी म्हटलं, अजून एक काही झालं तर चावी माझ्याकडे." काकू सुपारी कातरत मान खाली घालून बसल्या होत्या. निखिल मीटिंगसाठी वर गेला तसं मी ते पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

काकूंनी तुझं अक्षर वाचलं. मग चष्मा काढला.

"बापा! हिनं मला सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं ही पत्रं येऊन राहिली अन् मी हिच्याच घरी बसून पोहे खाऊन राहिली!"

मग सगळं कळलं. साठीनंतर काकूंना गाडी तू शिकवलीस, रविवारी सकाळी, शाळेच्या रिकाम्या आवारात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्या गाडीची चावी त्यांच्याकडे दिलीस. घरातले सगळे कामावर गेले की त्या मऊ भात आणि पातळ वरण घेऊन निघायच्या. हॉस्पिटलची पार्किंगची इमारत होती, पण आत तो गोल गोल वर जाणारा रॅम्प. त्याची त्यांना भीती वाटायची. म्हणून समोरचं सपाट आवार.

"फुकट नाही लावली हो मी," काकू म्हणाल्या. "रोज आत जाऊन कॉफी घ्यायची. काउंटरवरची पोरगी म्हणाली, कॉफी घेतली की चालतं. सात दिवस सात कॉफ्या. एवढी कडू! एकही प्यायली नाही."

"आणि दिवसभर काय करायचात?"

"काय करणार? ती झोपायची, मी बसायची."

ताई, एवढंच. ती झोपायची, मी बसायची. माझ्या वाट्याचं काम किती साधं होतं!

"मला का नाही कळवलंत, काकू?"

"विजूनं शपथ घातली होती. म्हणाली, श्रीला सांगशील तर तो विमानात बसेल, अन् इथे येऊन माझ्या पायथ्याशी मीटिंगा घेईल."

हे तू म्हणालीस? म्हणालीच असशील. खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

पैसे मी भरून टाकतो, असं म्हणायला लागलो तर काकू उसळल्याच. "अजिबात नाही. गाडी मी लावली. तू एक डॉलर भरलास तर मी स्वतः त्या बाईला फोन करून माझं नाव सांगीन. विजूच्या नावावर माझं लांच्छन नको." आणि मग हळूच, जिन्याकडे बघत, "पत्र या घरी आलं की निखिल चावी घेईल. चांगला आहे रे तो, काळजीनंच करतो. पण श्रीधर, या देशात मला नऊ वर्षं झाली. पहिली पाच वर्षं मला इथे नुसतं आणून ठेवलेलं होतं. गाडी शिकली, तेव्हापासून मी इथे राहते."

आता बोल! नाव सांगावं तर काकूंची चावी जाते. पैसे भरावे तर काकू आपणहून नाव सांगतात. गप्प बसावं तर तुझ्या नावावर देणं राहतं आणि सभेत दिलेला माझा शब्द खोटा पडतो. तू स्वतः काय केलंस? कढईखाली ठेवलंस! पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत काढून काय हा उपाय!

मग तिथल्या वाचनालयात फुकट कायदेसल्ला देणाऱ्या एका निवृत्त वकिलीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, फोनवर एक पैसाही कबूल करू नका. भाऊ म्हणून तुम्ही काही देणं लागत नाही. तुमच्या बहिणीच्या मागे उरलेल्यातून ते मागू शकतात, पण हे देणं तिचं होतं हे आधी त्यांनी दाखवायचं. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. लेखी हरकत घ्या आणि पुरावा मागा.

लेखी वाद! ताई, त्या दिवशी मला पाठशाळेतलं आपलं बाक आठवलं. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, असा: जिथे गाडी, तिथे मालकीण. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, तसं. पण अण्णा काय विचारायचे? "धुराचं आणि अग्नीचं नातं तपासलंस का? की धुकं बघून ओरडलास?" मी लिहिलं की ज्या सात दिवसांत गाडी तुमच्या आवारात होती, त्या सातही दिवसांत गाडीची मालकीण समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, छाती उघडून शिवलेल्या अवस्थेत झोपलेली होती. सोबत हॉस्पिटलचा कागद जोडला आहे. सबब आपण दिलेला हेतू हा हेत्वाभास, म्हणजे नुसता कारणाचा आभास आहे. शेवटचं वाक्य वकिलीणबाईंनी खोडलं. मला फार वाईट वाटलं.

पत्र पोहोचल्यावर केलीचा पुन्हा फोन.

"सर, मग गाडी कोण चालवत होतं?"

"माझी बहीण नव्हती, एवढं मी सिद्ध केलंय. बाकी पृथ्वीवरची सगळी माणसं तुमच्यासाठी मोकळी आहेत."

ती हसली. मग तिचा तो पाठ केलेला आवाज गेला आणि तिने विचारलं, "त्या ऑपरेशननंतर तुमच्या बहिणीला बरं वाटलं होतं का?"

"हो. तीन वर्षं मिळाली तिला."

"गुड," ती म्हणाली. "आय ॲम ग्लॅड." या वेळी तिने त्याच श्वासात काही मागितलं नाही.

मग सहा आठवडे काहीच नाही. मी रोज टपालपेटी उघडायचो. आणि काल ते पत्र आलं. वाचतो, ऐक: "आपण दिलेली माहिती तपासली. हे खाते बंद करण्यात आले आहे. आपल्याकडून काहीही येणे नाही."

तुझ्या नावाने लिहिलंय गं. आपल्याकडून काहीही येणे नाही. एवढं मोठं प्रमाणपत्र कुणाला मिळतं?

लगेच काकूंना व्हिडिओ कॉल लावला. पत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "निखिलला मी सांगून टाकलं रे, परवा. राहवलं नाही."

मी पत्र खाली घेतलं. "मग? चावी?"

"म्हणाला, आई, तू बर्फात सात दिवस एकटी गेलीस? अन् कुठं घासली नाहीस?" काकू हसल्या. "चावी अजून माझ्या पर्सीतच आहे. पण एक अट टाकली. माझ्या गुडघ्याचे व्यायाम त्याच हॉस्पिटलमध्ये सुरू होणार आहेत. कॉफीचं दुकान आता पाडलं, ते आवारही गेलं. रॅम्प जमत असेल तरच गाडी घेऊन जा म्हणतो, नाहीतर त्याची सुट्टी होईल तेव्हा तो नेईल." मग म्हणाल्या, "त्या सभेत तू विचारलं होतंस ना, कुणाचं काही राहिलंय का? मी उठणारच होती. निखिल बाजूला होता म्हणून बसून राहिली. विजूनं कबूल केलं होतं मला, बरी झाली की रॅम्पवर नेईन. राहून गेलं."

बघ! धनको इतके दिवस पहिल्या रांगेत बसला होता, आणि मी पाकीट काढत होतो दुसऱ्याच कुणापुढे.

त्या सात दिवसांची भरपाई कशाने होत नाही, हे मला कळतं. त्याबद्दल तुझी क्षमा मागणार होतो, पण तू ती बिनव्याजी आधीच देऊन ठेवली असशील आणि वर म्हणशील, "रिलीज झालं का नीट?" झालं, ताई. त्या रिलीजमध्ये काय होतं, ते आता आठवतही नाही.

तर वचन ऐक. मी विमानाचं तिकीट काढून मगच काकूंना सांगितलं. सोमवारी येतोय, भर कामाच्या दिवशी. काकू चालवतील, मी शेजारी बसेन. पहिल्या दिवशी एकच मजला, मग दुसरा, असं करत गच्चीपर्यंत जाऊ. मी ओरडणार नाही, वळणावर स्टीअरिंगला हात लावणार नाही, डोळेही मिटणार नाही. मागून कुणी हॉर्न वाजवलाच तर उतरून त्याला सांगेन की जरा थांबा, बाई शिकताहेत. आणि वर पोहोचलो की काकूंनाच विचारेन, अजून काही राहिलंय का.

तुझा धाकटा,
श्री