राखणदाराने नेलेला चार नंबर

तीर्थरूप रघूमामांस मनस्वीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामीच्या कोंबड्या, दोन्ही ठणठणीत आहेत असं धरून चालते. फोन केला नाही, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अर्ध्या अलोऱ्याला सगळं कळतं.

माझं काम उत्तम चाललं आहे. (हे वाक्य खोडून ‘बरं’ लिहिलं होतं. पण ते खोटं झालं असतं.) घाटावरच्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यातून मी शेळ्यांच्या कातड्यांचं खरवडण आणते, म्हणजे आतल्या बाजूचं मांस आणि चरबी. कमावण्याची रसायनं लागण्याआधीच ते निघतं, त्याला फक्त चुना असतो. तो धुवायचा, ते शिजवायचं, चरबी काढायची, वाळवून दळायचं. कारखाना जे खड्ड्यात पुरत होता, त्याचं कोंबड्यांसाठी फार चांगलं खाद्य होतं. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा मी गोठ्यात एकटीच टाळ्या वाजवल्या. (म्हैस दचकली. तिला हे खाद्य द्यायचं नसतं, दिलेलंही नाही.)

आईला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. एवढं शिकून पोरगी चामड्यात गेली, हे तिचं मत. राखणीच्या जेवणापर्यंत कोंबडे वाढवून दाखव, नाहीतर मुंबईची नोकरी धर, असं तिने बजावलं होतं.

शेजारच्या काशीरामकाकांनी बारा कोंबडे दिले. सहांना माझं खाद्य, सहांना नेहमीचं. पायात नंबरची कडी. माझा चार नंबर असा वाढत होता, की त्याचं वजन करताना मला हसू आवरेना. शेवटचं वजन करायला काटा घेऊन गेले, तर चार नंबर खुराड्यात नव्हता. मळ्याच्या कडेला राखण चालली होती आणि तो टोपात शिजत होता. मळ्याची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाचा मान द्यायचा तो वाडीतला सर्वांत चांगला कोंबडा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. प्रयोग आखताना मात्र ते डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात वाडीतल्या बाबूने शंका काढली, की राखणदाराला चामडं खाल्लेला कोंबडा कसा चालेल? इथेच माझं काम संपलं, असं मला वाटलं. काका पळीने रस्सा ढवळत म्हणाले, “राखणदार कोंबडा खातो. कोंबडा काय खातो ता तो इचारीत नाय.”

मग जेवणं झाली. (आमच्या वाडीत राखणीला बायकाही जेवतात.) हा वाद झाला तेव्हा आई घरी वडे तळत होती. ती आली, दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि काकांना विचारलं, की यंदा कोंबड्याला घातलंत तरी काय. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. आईचा वडा हातातच राहिला. मामा, मुंबईची गाडी कितीला असते तेही माझ्या मनात येऊन गेलं.

“मग वाढ गो अजून,” आई म्हणाली.

रात्री मला झोप लागली नाही. (कारण आनंद. जेवणही थोडं जास्त झालं होतं.)

मामीला नमस्कार.

तुमची,
मनस्वी

ता. क. चिपळूणचे पोल्ट्रीवाले दोन्ही गटांतला फरक बघून खाद्य घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. फरक आता उरलेला नाही. “त्या सहांनी काय घोडं मारलंय?” म्हणत आई माझं खाद्य त्यांनाही घालते आहे. प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल. तेव्हा खरी विनंती अशी, की तो संपेपर्यंत आईला अलोऱ्याला न्या. ती फक्त तुमचंच ऐकते.

ता. क. २. आई यायला एका पायावर तयार आहे. पिशवी जड लागली म्हणून उघडून पाहिली. मामीच्या कोंबड्यांसाठी तिने माझ्या खाद्याचं अर्धं पोतं भरलं आहे.