मनियारीण यायची त्या दुपारी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुला बांगड्यांविषयी विचारायला बसले आहे. हस हवं तर. परवा लेकीला मोठ्या हौसेनं आपल्या बांगडीवाल्या मनियारणीची गोष्ट सांगत होते. निजामाचा अंमल, बाबा कचेरीत गेलेले, आणि भर दुपारी ती चाची डोक्यावरची टोपली आपल्या ओसरीवर उतरवते. तुझा हात मांडीवर घेते, साबणाचं पाणी लावते, बोटं दाबत दाबत काचेच्या हिरव्या बांगड्या चढवते. "हात ढिला सोड गं बाई. आज एक माप मोठंच भरते, मनगट लई सुजलंय." तू म्हणतेस, "व्हय, पण आधी पोरीला भर. सकाळपासून वाट बघायली." मग तुम्ही दोघी कशावर तरी हसता, तू तोंडाला पदर लावून. आपल्या घरात एरवी तसं हसू ऐकू येत नसे. लहानपणीचा सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगते.

लेक म्हणाली, "पण आजीला सारख्या सारख्या बांगड्या का लागायच्या?"

गंमत बघ, बाबा तुला मारायचे हे मला काही नवं नव्हतं. ते तुझे हात कसे पिरगाळायचे, मी पाहिलं आहे. सवाष्णीचे हात मोकळे दिसू नयेत म्हणून दुसऱ्याच दिवशी तू चाचीला निरोप धाडायचीस, हेही ठाऊक होतं. मग तो मार आणि ती दुपार, या दोन गोष्टी एवढी वर्षं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहून एकमेकींना भेटल्या कशा नाहीत? आता भेटल्या आहेत, तर काही केल्या वेगळ्या होत नाहीत. तुझं हसणं आठवायला जावं तर आधी मनगट दिसतं. बाबांचा फार राग येतो. माझ्याजवळ तुझं तेवढंच हसणं होतं, तेही त्यांनी नासवलं.

पण खरं सांग, तू हसायचीस ते माझ्यासाठी, ओढूनताणून, की चाचीजवळ बसलं की तुला खरंच बरं वाटायचं? तसं असेल तर ती दुपार अजून आपली आहे. विचारणार कुणाला? चाचीही गेली.

हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. संध्याकाळी आत बाबांचा आवाज चढला की मी ओसरीच्या कोपऱ्यात रडत बसायची. मग काच फुटल्याचा आवाज यायचा, आणि उद्या कोणता रंग मागायचा, ते मी रडता रडताच ठरवायला लागायची.