चकती पास झाली होती

८ जुलै, मंगळ.
गिऱ्हाइकाच्या कारखान्यातल्या धुराच्या पंख्याची बारा पाती काल संध्याकाळी वाळूच्या माऱ्याने ब्लास्ट करून रात्रभर तशीच ठेवली. हवा दमट. सकाळी लोखंडावर गंजाची पिवळी झाक. परमार, फवारणीची गन अकरा वर्षं त्याच्या हातात, म्हणाला, "साहेब, फरी ब्लास्ट करवुं पडशे." पुन्हा ब्लास्ट करायला वेळ कुठला? ट्रक दारात, शेठ डोक्यावर. मी ओरडलो, "डोकं खाऊ नकोस, मार कोटिंग!" चाचणी पात्यांची नाही, नमुन्याच्या चकतीची होते; ती आम्ही नेहमी आयत्या वेळी ताजी ब्लास्ट करतो, त्यामुळे ती पास होतेच. झाली. रजिस्टरवर सही माझी.

२९ जुलै, मंगळ.
गिऱ्हाइकाच्या कारखान्यातून फोन आला. चारशे डिग्रीच्या धुरात, राखेच्या माऱ्यात कोटिंग पापुद्र्यासारखं सुटलं. पंख्याचा तोल गेला, बेअरिंग फुटलं, कव्हरचा तुकडा उडाला. तिथला एक फिटर, दिनेश. उजवा हात कोपरापासून गेला. जेवलो नाही.

३० जुलै
परमार तोंड उघडायच्या आत त्याच्या थोबाडीत दिली. सगळ्यांसमोर. दुसरी दिली. पडला तर लाथा. ओठ फाटला, दात हलला असेल. "सांगितलं होतं ना तुला!" असं मी ओरडत होतो. मी कुठे सांगितलं होतं? त्याने मला सांगितलं होतं. नुसता बघत राहिला हरामखोर. बोटं सुजलीत. मारताना बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

१ ऑगस्ट, शुक्र.
परमारला काढलं. मला कोणी काही विचारलंच नाही. शेठने पाठ थोपटली, "काळे, तमे सारुं कर्युं." रजिस्टर कोणी उघडलं नाही. मी एवढा मारला म्हणजे चूक त्याचीच, हे सगळ्यांना पटलं. दोन दिवसांत मलाही पटायला लागलंय.

४ ऑगस्ट, सोम.
सुटताना गेटवर दिनेशचा भाऊ. रिक्षात आणखी दोघं, पायाशी लोखंडी पाइप. त्याने माझे दोन्ही हात धरले. "काळेभाई, तमे एने मार्यो, तमारो उपकार. हवे एनुं घर बतावो."
सांगितलं. परमार राहतो करजणला, बाजाराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. वळणसुद्धा नीट समजावून दिलं.

तेच, संध्याकाळी
मांजलपूरला घरी. बायकोला, शीतलला, सगळं सांगितलं, पिवळी झाक, सही, सगळं. ती कणीक मळत होती, थांबली.
"म्हणजे ते पाइप तुमच्यासाठी आणायला हवे होते."
"हो."
"मग बसलात काय? उठा ना!"
परमारचा फोन लागत नाही. सातव्यांदा लावला. करजण गाडीने पाऊण तास, रिक्षाने दुप्पट. त्यांना निघून तास झाला, आणि मी लिहीत बसलोय. भीती वाटते. त्याच्या दारात जाऊन, त्या तिघांसमोर, चूक माझी होती म्हणायचं.
शीतलने पिठाच्या हातानेच गाडीची चावी आणून वहीवर टाकली.